रोंद्याच्या पाण्याच्या पायऱ्या: तुमचेही अनुभव लिहा

सांजवेळ
परवा शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांपाशी बसलो होतो. आईने तोंडावर पाणी मारलं आणि एकदम म्हणाली, "ते स्पेनमधलं गाव आठवतंय का गं? त्या अंधाऱ्या पायऱ्या?"

रोंदा. गाव कड्यावर, मधोमध दरी आणि दरीवर तो ९८ मीटर उंचीचा पूल. सगळे पुलावर फोटो काढत होते. आई मात्र 'मूर राजाच्या घरा'खालच्या (मूर म्हणजे तिथले जुने मुसलमान राज्यकर्ते) पायऱ्या उतरायचं म्हणून हटून बसली. खडक पोखरून थेट नदीपर्यंत नेलेल्या, जवळपास २००. ओल्या, उंचसखल. भिंतीतल्या झरोक्यांतून येईल तेवढाच उजेड. मूरांच्या राज्यात वेढा पडला की गावाला पाणी इथूनच, कैदी वाहून आणायचे. आईने ७२च्या दुष्काळात लांबून पाणी आणलंय. एका वळणावर थांबून भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "भरली घागर घेऊन इथे टेकायला जागाच नाही बघ." मग नदी येईपर्यंत गप्प.

रोंदा किंवा तसंच जुनं रोमन-अरबी गाव पाहिलेल्यांनी लिहा प्लीज.

कढीपत्ता
आईंचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमटी उकळतेय, पटकन लिहिते. आम्ही शाकाहारी, तिकडे खायचे हाल होतील वाटलं होतं. तर ताटात काय आलं, वांग्याचे काप! वरून काळसर पाक. चाटून पाहिला तर चक्क काकवी. उसाचीच. सासूबाईंनी दोन ताटं मागवली.

जुनी पानं
छान धागा. एक दुरुस्ती, राग नसावा. ते घर १८व्या शतकातलं आहे, तिथे कुणी मूर राजा राहिला नाही. पायऱ्या मात्र खऱ्या आणि जुन्या. १४८५ च्या वेढ्यात ख्रिस्ती फौजेने हीच पाण्याची वाट तोडली आणि गाव पडलं. मोठा पूलही ना रोमन ना अरबी, तो १७९३ मध्ये पुरा झाला. त्याआधीचा पूल काही वर्षांतच कोसळून माणसं गेली होती.

सांजवेळ
राग कसला! आईला आत्ताच सांगितलं. म्हणाली, पाणी तोडलं की गड पडणारच.

दूरदेशी
रोंद्यापासून २० किमीवर असिनिपो आहे, तिथे गेलात का कुणी? रोमन नगर होतं. आता माळरानावर दगडांचे ढीगच ढीग आणि टोकाला नाट्यगृह. रंगमंचामागची भिंत अजून उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. मुलगी पायऱ्यांवर उभी राहून 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणाली, मी खाली रंगमंचापाशी होतो. शब्द न् शब्द ऐकू आला. ती आता कॉलेजला लांब गेलीय, म्हणून जास्तच आठवतं.

कढीपत्ता
@दूरदेशी, डोळ्यांत पाणी आणलंत. माझीही जूनमध्ये जाणार.

शब्दवेडी
स्पेनमधल्याच मलागा शहराच्या किल्ल्याला अल्कासाबा म्हणतात. आपला कसबा पेठेतला कसबा तोच, अरबी शब्द दोन्हीकडे गेला. साखरेचं उलट. संस्कृत शर्करा फारसी-अरबीतून तिकडे पोचली आणि 'असुकार' झाली. दुकानात पुडी हातात घेऊन नवऱ्याला अर्धा तास हेच सांगत होते, बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

एसटीप्रेमी
मलागाहून बसने गेलो, दोनेक तास. वळणं आंबेनळी घाटाची आठवण करून देणारी. उलटीची गोळी घ्या.

नदीकाठ
खाली नदीकडचा अरबी हमाम, म्हणजे जुनं स्नानगृह, सोडू नका. छताला चांदणीच्या आकाराची भोकं आहेत. दुपारी उन्हाच्या चांदण्या फरशीवर पडतात आणि हळूहळू सरकतात. मी एका चांदणीत तळहात धरून बसले होते. बाहेर रहाटाचा बुरूज आहे. जनावर गोल फिरून पाणी वर काढायचं, पुढे पाटाने आत. आमच्या आजोळच्या विहिरीवर अगदी असाच रहाट होता.

कोवळं ऊन
उडायचा प्रयत्न करणारा अब्बास इब्न फिरनास याच रोंद्याचा ना? नवव्या शतकातला. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. लेकाचा प्रोजेक्ट होता म्हणून माहीत.

दोन घास
गुडघेदुखीवाल्यांना त्या पायऱ्या झेपतील का? बाबांना न्यायचंय, वय ७१.

सांजवेळ
@दोन घास, उतरणं जमतं, चढताना दम लागतो. घाई करू नका, पकड असलेले बूटच घाला. आई तेव्हा ६६ ची होती, चार वेळा थांबली.

जुनी पानं
ते कैदी घागरी नाही, कातडी पिशव्या वाहायचे. 'रोंद्यात पाणी वाहता वाहता मर' असा शापच होता म्हणे स्पॅनिशमध्ये.

सांजवेळ
हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे पखाल." तिच्या लहानपणी गावात पखालवाला यायचा, पाठीला कायम ओल. त्याच्या पोरीबरोबर ती सागरगोटे खेळायची. एवढं बोलून उठली आणि पाणी आलं का बघायला गेली. आमच्याकडे आज एकच तास येतं.