बूट उतरवून धावताना : तुमचे अनुभव लिहा

अनवाणी किंवा अगदी पातळ सोलच्या बुटांत धावायला लागलेल्यांचे अनुभव एका जागी असावेत, म्हणून हा धागा. या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुधा टोकाचं असतं. कुणी म्हणतं, गुडघा, टाच, कंबर, काहीही दुखत असलं तरी बूट काढा. कुणी म्हणतं, हाडं मोडून घ्यायची असतील तरच या भानगडीत पडा. ज्यांनी सावकाश बदल केला, ज्यांना थोडं मिळालं आणि थोडं सोडावं लागलं, ती माणसं फारशी लिहीत नाहीत. मला त्यांचंच ऐकायचं आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. उतारावरून धावलं की माझ्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायचं. फिजिओने ट्रेडमिलवर व्हिडिओ काढून दाखवला. पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडत होतं, गुडघा जवळजवळ सरळ आणि सगळा भार टाचेवर. तिने बूट बदलायला सांगितलं नाही. त्याच बुटांत पावलं छोटी आणि मिनिटाला थोडी जास्त टाकायला सांगितली. गुडघ्याला आराम पडायला तिथूनच सुरुवात झाली, हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर पातळ बूट आले आणि श्रेय सगळं त्यांनाच मिळत गेलं.

अनवाणी धावायला लागल्यावर मात्र एक गोष्ट बुटांत कधीच कळली नव्हती ती कळली : पाऊल पुढे फेकलं की लगेच लागतं. कुणी सांगायची गरजच राहत नाही. जाड कुशनमध्ये ही खबर मेंदूपर्यंत फार पुसट पोहोचते. हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांच्या गटाचा २०१० सालचा ‘नेचर’मधला शोधनिबंध याच संदर्भात सगळीकडे सांगितला जातो. लहानपणापासून अनवाणी धावणारे बऱ्याचदा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसणारा पहिला तीव्र झटका त्यांना बसत नाही, असं त्यात दिसलं. पण त्या अभ्यासात दुखापती मोजलेल्या नव्हत्या. ‘झटका कमी’ म्हणजे ‘दुखापत कमी’ ही उडी नंतर लोकांनी मारली. माझा स्वतःचा अनुभव असा की गुडघ्यावरचा भार कुठे गायब झाला नाही, तो घोटा आणि पोटरीकडे गेला. माझ्या पोटऱ्यांना तो झेपला. सगळ्यांच्या झेपतीलच असं नाही.

तर लिहा. कशासाठी बदललंत, सुरुवात कुठल्या पृष्ठभागावर केलीत, सगळ्यात आधी काय दुखलं, आणि पुन्हा बुटांकडे वळला असाल तर का. वळणं म्हणजे हार, असं या धाग्यावर कुणी समजू नये.

*

पोटऱ्यांबद्दल लिहितो, कारण माझी सगळी कथा पोटऱ्यांचीच आहे.

नेहमीच्या रनिंग बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर उंच असते. अनेक वर्षं तसं धावल्यावर एकदम झिरो ड्रॉपवर, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेल्या बुटांवर आलं, की प्रत्येक पावलाला टाच तेवढी जास्त खाली जाते. एक सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण किलोमीटरमागे हजारभर पावलांनी गुणून पाहा. गवतावर पहिल्यांदा धावलो तेव्हा मजा आली होती. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

स्नायूंचं हे दुखणं काही आठवड्यांत गेलं. त्यानंतर जे आलं ते वेगळं होतं : सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेच्या मागे, अकिलीस टेंडनमध्ये, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागात, ताठरपणा. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो लवकर सावरतो. टेंडनचं सगळं काम सावकाश चालतं. त्याला स्थिरावायला मला कित्येक महिने लागले.

उपयोग झाला तो पायरीवर उभं राहून टाचा उचलण्याचा. वर जाताना दोन्ही पायांवर, खाली येताना एका पायावर, अगदी हळू. आणि हाच व्यायाम गुडघा वाकवूनही करायचा, कारण पोटरीचा आतला स्नायू, सोलिअस, गुडघा वाकलेला असतानाच खरा कामाला लागतो. आणि दूर अंतर धावताना मुख्य मेहनत त्याचीच असते. ताणण्याचा मात्र मला उलटा परिणाम दिसला. टेंडन टाचेच्या हाडाला जिथे चिकटतं तिथेच दुखत असेल, तर जोरात ताणल्याने ते हाडावर आणखी दाबलं जातं. फिजिओने ताणणं बंद करायला सांगितल्यावर फरक पडला.

सकाळचा ताठरपणा हीच माझी मोजपट्टी. चार पावलांत सुटला तर ठरलेलं धावायचं. कालच्यापेक्षा जास्त वाटला तर त्या दिवशी नेहमीचे बूट किंवा सायकल.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि धावतेही. वर पोटरी आणि टेंडन आलं, पण मला खरी काळजी हाडांची वाटते.

पोटरी दुखते तेव्हा ती ओरडून सांगते. हाड बराच काळ गप्प राहतं. वाढलेल्या भाराला हाड उत्तर देतं ते आधी जुना भाग पोखरून आणि मग नवा भरून. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे बदल सुरू केल्यावर काही आठवड्यांनी एक काळ असा येतो की दम चांगला, पोटऱ्या सरावलेल्या, उत्साह भरपूर, आणि चवड्यातली लांब हाडं मात्र नेमकी तेव्हा कमजोर. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच टप्प्यावर येतात. दुसरं आणि तिसरं मेटाटार्सल ही नेहमीची जागा.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी प्रत्येकाला सांगते. हौशी धावपटूंपैकी १९ जणांना १० आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या) पातळ बुटांवर आणलं आणि आधी-नंतर एमआरआय केला. १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हे लोक बेफाम धावत नव्हते, आखून दिलेला कार्यक्रम पाळत होते. म्हणून ‘दोन महिन्यांत अनवाणी’ असली वेळापत्रकं मला धोक्याची वाटतात. दोन महिने ही हाडांसाठी फक्त सुरुवात आहे.

ओळखायचं कसं? पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी दुखरी जागा, तिथे थोडी सूज, आणि त्या पायावर लंगडी घातली की कळ. अशा वेळी धावणं त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नका.

मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी धावू नये. यावर मला चर्चाच करायची नाही. हाडं ठिसूळ असतील, पाळी अनियमित किंवा बंद झाली असेल, खाणं अपुरं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. अंगठ्याचा सांधा वर वळत नसेल त्यांनाही फार लवचीक सोल त्रास देतं. आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, ते सगळ्यांनीच पाहा.

*

मी वर्षभर प्रयत्न करून पुन्हा कुशनच्या बुटांत आलो. दुखापत झाली नाही. पण पातळ सोलमध्ये लांब अंतर धावताना सगळं लक्ष पावलांखाली लागायचं, आणि मला धावताना डोकं मोकळं हवं असतं. घरात आणि चालायला अजून अनवाणीच असतो. मला जे हवं होतं ते एवढ्यात मिळालं.

*

एक शंका : झिरो ड्रॉप आणि मिनिमलिस्ट, म्हणजे हे पातळ, हलके बूट, हे एकच ना?

*

नाही, आणि हा घोळ नेहमी होतो. ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. तळाशी तीस मिलिमीटर फोम असूनही बूट झिरो ड्रॉप असू शकतो. तज्ज्ञांच्या एका गटाने २०१५ मध्ये मिनिमलिस्ट बुटांची व्याख्या ठरवली, तीत पाच गोष्टी पाहतात : वजन, सोलची जाडी, ड्रॉप, लवचीकपणा, आणि पाऊल आवरून धरणारी कमानीचा टेकू वगैरे रचना. प्रत्येकीला गुण देऊन टक्केवारी काढतात. यातलं एकेक बदलत गेलं तर शरीराला कशाचा त्रास होतोय ते कळतं. पाचही एकदम बदलली तर काहीच कळत नाही. मी आधी ड्रॉप कमी केला, जाडी तशीच ठेवली. मग जाडी.

*

माझं धावणं पूर्ण अनवाणी, तेव्हा कातडी आणि जमीन याबद्दल.

गवतावर सुरुवात करा असं सगळे सांगतात. पोटऱ्यांना ते मऊ पडतं, हे खरं. पण गवताखाली काय आहे ते दिसत नाही आणि चुकीचं पाऊलही खपून जातं. मला धावायला शिकवलं ते गुळगुळीत काँक्रीटने. तिथे पाऊल घासलं की फोड आला. फोड म्हणजे कातडी नाजूक, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात पाऊल जमिनीवर सरकत होतं किंवा मी मागे ढकलत होतो. पाऊल सरळ खाली ठेवून सरळ वर उचलायला लागल्यावर फोड थांबले.

खडबडीत डांबरावर धावताना कडेला रंगवलेला पांढरा पट्टा शोधा, तो गुळगुळीत असतो आणि उन्हात कमी तापतो. ओला असेल तर मात्र घसरतो. तापलेल्या रस्त्यावर भाजायला वेळ लागत नाही, आणि ते कळतं तेव्हा परतीचं अंतर बाकी असतं, म्हणून पातळ चपला कमरेला अडकवून नेतो. थंडीत उलटं होतं, तळवे बधिर पडतात आणि कापलेलंही कळत नाही. बधिर झाले की मी थांबतो.

तळवे जाड झाले तर जमीन जाणवायची बंद होईल अशी भीती होती. केनियात केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी वावरणाऱ्यांचे घट्टे जाड होते, तरी तळव्यांची संवेदना कमी झालेली नव्हती. माझाही अनुभव तोच. घरी आलं की उजेडात तळवे पाहायचे, बारीक चिमटा आणि भिंग जवळ असू द्यावं. काच टोचते तेव्हा फार दुखत नाही, दोन दिवस राहिली तर दुखते.

*

साठी ओलांडलेल्या कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. मी धावण्यापासून सुरुवात केलीच नाही, चालण्यापासून केली. पातळ, रुंद, बोटं पसरू देणारे बूट घालून रोजचं चालणं. पुढे कळलं की याला आधार आहे : २०१९ मधल्या एका अभ्यासात असे बूट घालून चालणाऱ्यांच्या पावलांचे स्नायू, खास व्यायाम करणाऱ्यांच्या इतकेच बळकट झाले.

व्यायामही करते. बोटं न मुडपता तळव्याची कमान आखडून घ्यायची, अंगठा जमिनीवर ठेवून बाकीची बोटं उचलायची, मग उलट. सुरुवातीला अंगठा ऐकतच नव्हता. इतकी वर्षं अरुंद बुटांत राहिलेल्या बोटांना स्वतंत्र हलता येतं हेच ती विसरली होती. एका पायावर उभं राहणं आता सोपं जातं, आणि माझ्या वयात धावण्याच्या वेगापेक्षा मला त्याची किंमत जास्त आहे. धावते ती थोडीच, मातीच्या सपाट वाटेवर, मध्ये चालत चालत.

*

चवडा की टाच यावर इथे बरंच आलंय, म्हणून एक भर. केनियातल्या दासानाच लोकांवरचा २०१३ चा अभ्यास पाहा. ते लहानपणापासून अनवाणी राहणारे. आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांची बहुतेक पावलं टाचेवरच पडत होती, वेग वाढला की चवड्याकडे सरकत होती. अनवाणी म्हणजे चवडाच असं काही नाही. मी टाच मुद्दाम वर धरून धावत होते तोवर नडगी आणि पोटरी दोन्ही दुखत राहिल्या. चवडा टेकल्यावर टाचेलाही हलकेच जमिनीला लागू दिलं आणि दुखणं ओसरलं. टाचेची भीती घालवा, एवढंच सांगायचंय.

*

मी मॅरेथॉन धावतो. आठवड्यातली हलकी धाव अनवाणी किंवा पातळ बुटांत, लांब धाव आणि शर्यत मध्यम कुशनमध्ये.

या विषयावर बोलताना अबेबे बिकिला यांचं नाव निघतंच. १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन त्यांनी अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत, आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्यांचं मोठेपण मला त्यापुढच्या गोष्टीत जास्त दिसतं. १९६४ ला टोकियोत ते बूट घालून धावले आणि २:१२:११ असा नवा विश्वविक्रम करून पुन्हा जिंकले. त्या माणसाने पायांत काय आहे याचा बाऊ केलाच नाही. आजही जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार अनवाणी, एका पायात बूट किंवा दोन्ही पायांत बूट, तिन्ही चालतं.

कंपन्यांचे दावे मात्र तपासून घ्या. पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हायब्रमने अमेरिकेतल्या ग्राहकांनी भरलेल्या खटल्यात २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातींना पुरेसा आधार नाही असा आरोप होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण तसे दावे करणं थांबवायला ती तयार झाली. जाड फोमवाल्यांच्या दाव्यांनाही मी हीच चाळणी लावतो.

वजनाबद्दल कुणी लिहिलं नाही. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की धावायला लागणारा ऑक्सिजन साधारण एक टक्क्याने वाढतो. यावरून पूर्ण अनवाणी सगळ्यात स्वस्त पडावं, पण हलक्या बुटांशी तुलना केली तर तसा फायदा दिसत नाही, कारण कुशन नसलं की धक्का झेलायचं काम स्नायूंना करावं लागतं. शर्यतीत शेवटच्या दहा किलोमीटरला मला हे नीट जाणवतं. पोटऱ्या थकल्या की पावलं जड, आवाज करणारी पडायला लागतात, आणि त्या अवस्थेत पातळ सोल नको असतो. म्हणून लांब धाव संपता संपता बूट पायात असतात, आणि अनवाणी धाव मी ताजा असताना ठेवतो, आठवड्याच्या सुरुवातीला, विश्रांतीनंतरच्या दिवशी.