मदत हवी आहे: नव्या बंदुकीचा बार उडत नाही, कंपनी म्हणते कुरिअर करा

काजूबाग_कुडाळ
मंडळी, बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे दाद कशी मागायची हे कुणाला ठाऊक आहे का? बाबांची बारा बोअर धड चालत नाही. घोडा पडतो, बार उडत नाही. कस्टमर केअरला फोन केला की आधी गाणं ऐकवतात, मग "आपकी शिकायत दर्ज कर ली गई है". आता लेखी उत्तर आलंय : वस्तू मूळ खोक्यात भरून कारखान्याच्या पत्त्यावर कुरिअर करा, तपासून कळवू. कुरिअरवाला खोक्यावरचं चित्र बघूनच हात जोडतो. इकडे काजू धरलाय आणि माकडं नि डुकरं पाळ्या लावून येतायत. लवकर सांगा. कंपनीचं नाव देत नाही, उगाच नोटीस यायची. आणि "शेती विका, फ्लॅट घ्या"वाल्यांनी लांब राहावं. फ्लॅट आहे.

तांबडा_पांढरा
एकनळी की दुनळी? नवी म्हणजे कधीची? घेतली कुठून? लायसन कुणाच्या नावावर आणि त्यावर क्षेत्र काय लिहिलंय? बार अजिबात उडत नाही की मधूनमधून? डॉक्टरला "दुखतंय" एवढंच सांगून औषध मागताय राव.

खोताचो_नातू
काडतुसां खंय ठेवतास तां आधी सांगा. कोनाड्यात ठेवलास तर पावसात दमट होतत, मगे बंदुकेक कित्याक गाळी घालतास?

काजूबाग_कुडाळ
एकनळी, बाहेरच्या घोड्याची. कोल्हापूरच्या डीलरकडून कोरी घेतली. लायसन बाबांचं, शेती संरक्षणाचं, क्षेत्र महाराष्ट्र. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, डबा यंदाच फोडलाय, दमट नाहीत. चारांतलं एखादं उडतं. बाकीच्यांच्या केपवर, म्हणजे बुडाला जिथे पिन आपटून बार पेटतो तिथे, खड्डा पडतो पण उथळ, नख फिरवलं तर जेमतेम लागतो. त्यातलीच दोन शेजारच्या काकांच्या बंदुकीतून पहिल्या झटक्यात उडाली. म्हणजे दोष बंदुकीचाच. आता कंपनीचं सांगा.

निवृत्त_हवालदार
शेजाऱ्याला काडतुसं दिली हे असं चारचौघांत लिहू नका. ज्याच्या लायसनवर घेतली त्यानेच वापरायची. दुसरं, बार उडाला नाही की लगेच बंदूक उघडता का? नळी मोकळ्या बाजूला रोखून निदान अर्धा मिनिट थांबत जा. एखादं काडतूस उशिरा पेटतं. तोंडासमोर उघडलेल्या बंदुकीत पेटलं तर डोळा जाईल.

तांबडा_पांढरा
उथळ खड्डा म्हणजे घोड्याची स्प्रिंग कमजोर, नाहीतर पिन आखूड, नाहीतर पिनच्या भोकात तेल-धूळ बसून चिक्कट झालंय. तिसरं असेल तर नुसती सफाई पुरते.

आंबोली_घाट
एवढ्यासाठी कारखाना कशाला? आमच्याकडचा लोहार अर्ध्या तासात पिन घडवून देतो. माझ्या बंदुकीची त्यानेच केली, अजून ठणठणीत.

काळा_कोट
लोहाराला बंदूक दुरुस्तीचं लायसन आहे का? शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. विक्रीसारखंच दुरुस्तीलाही लायसन लागतं. शिवाय लोहाराचा हात लागला की कंपनी "छेडछाड झाली" म्हणून मोकळी.

आंबोली_घाट
कलमं माकडांना वाचून दाखवा.

हिरवळ
बंदूक हवीच कशाला? सौर कुंपण घाला. झटका बसतो पण जनावर मरत नाही. आम्ही घातलंय, डुकरं बंद.

खोताचो_नातू
आणि माकडां? ती काय गेटीतसून येतत? फांदयेवरसून उडी मारतत थेट कलमार.

हिरवळ
शेती संरक्षणाचं लायसन म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, एवढं तरी लक्षात घ्या. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

काजूबाग_कुडाळ
अहो बाबा हवेत बार काढतात. आवाजाने पळतात. मी कंपनीबद्दल विचारलंय!!

देवगड_हापूस
इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. आजोबांची ठासणीची बंदूक आहे, ते वारले. नावावर करायला काय काय कागद लागतात?

काळा_कोट
वेगळा धागा काढा. आणि तोवर ती घरात ठेवू नका, ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करून पावती घ्या.
धागाकर्ते, बिल कधीचं?

काजूबाग_कुडाळ
डिसेंबर २०२३. वॉरंटी एक वर्ष, ती संपली असं फोनवरची बाई म्हणाली. पण २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मार्चमध्ये बंदूक ठाण्यात जमा केली, ती जूनमध्ये मिळाली. पुन्हा विधानसभेला तेच. वापरायला मिळाली कुठे? पहिला मेल मी नोव्हेंबरअखेर, बंदूक हातात आल्या आल्या केला होता.

तांबडा_पांढरा
हे आत्ता सांगताय! तो मेल वॉरंटीतला आहे. तुमची सगळी केस त्या मेलवर उभी आहे.

निवृत्त_हवालदार
सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या असं नसतं. छाननी समिती असते, शेतीवाल्यांनी सवलतीसाठी अर्ज करायचा असतो.

आंबोली_घाट
साहेब, तुमच्या काळात किती अर्ज मंजूर झाले ते सांगा की. ठाण्यातून बंदूक परत येते तेव्हा नळीवर तांबेरा असतो. तेलपाणी कोण करतं तिथे?

निवृत्त_हवालदार
जमा करताना तेल लावून, फडक्यात गुंडाळून द्यायचं काम मालकाचं. खोलीत शंभर बंदुका असतात, कोण कोणाची पुसणार?

काळा_कोट
तुमचं भांडण चालू द्या. धागाकर्ते, आता ऐका.

कुरिअर विसरा. कस्टमर केअरवाल्याच्या पडद्यावर मिक्सरसाठी जे उत्तर आहे तेच त्याने तुम्हाला चिकटवलंय. स्वतः घेऊन जायचं म्हटलं तर कारखाना परराज्यात, आणि लायसन महाराष्ट्रापुरतं. तेव्हा बंदूक जिथून घेतली त्या डीलरकडेच द्या. त्याच्याकडे लायसन आहे, कारखान्याकडे कशी धाडायची ते तो बघेल. "कंपनीशी बोला" म्हणून हात झटकत असेल तर लेखी द्या म्हणावं. ग्राहक आयोगात विकणाराही सामनेवाला होतो, म्हणजे तक्रार त्याच्यावरही लागते, हे त्याला माहीत असतं.

कंपनीला मात्र फोन बंद. एकच पत्र, स्पीड पोस्टाने : बंदुकीचा क्रमांक, बिल, नोव्हेंबरचा मेल, ठाण्यात जमा केल्याच्या दोन्ही पावत्या, केपचे फोटो. पंधरा दिवसांत कळवा. तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ठेवा, बऱ्याच कंपन्या तिथून फोन गेला की जाग्या होतात. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

आणि कंपनी "बदलून देतो" म्हणाली तर लगेच हुरळू नका. लायसनवर जुन्या बंदुकीचा क्रमांक चढलाय. आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, नव्या क्रमांकाची नोंद, मग बंदूक घरात. दुरुस्तीच मागा, सोपं पडेल.

काजूबाग_कुडाळ
धन्यवाद. पण बाबांचा गुडघा बदललाय, कोल्हापूरपर्यंत बसवत नाही. मी नेली तर चालेल का? माझ्या नावावर लायसन नाही.

निवृत्त_हवालदार
अजिबात नाही. करूळ घाटात गाडी तपासली तर बंदूक जप्त आणि तुम्ही आत.

काळा_कोट
हवालदारसाहेब, शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ चं परंतुक वाचा, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद. दुरुस्तीसाठी किंवा लायसनच्या नूतनीकरणासाठी, लायसनधारकाच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो.

निवृत्त_हवालदार
परंतुक घाटात रात्री ड्युटीवर असलेल्या पोराला कोण सांगणार?

काळा_कोट
म्हणून तर कागद बरोबर. वडिलांच्या सहीचं पत्र : मुलाचं नाव, बंदुकीचा क्रमांक, कशासाठी, कुठल्या डीलरकडे, कुठल्या तारखेला. मूळ लायसन सोबत. बंदूक रिकामी, कव्हरमध्ये. काडतूस एकही नको, न उडालेलंसुद्धा नको.

निवृत्त_हवालदार
आपल्या ठाण्यातही एक प्रत देऊन पोच घ्या. आणि दिवसा जा.

आंबोली_घाट
एवढे कागद करेपर्यंत लोहाराने तीन पिना केल्या असत्या.

काजूबाग_कुडाळ
डीलरला फोन लावला. आधी तेच, "कंपनीशी बोला". नोव्हेंबरच्या मेलची प्रत पाठवली, लेखी द्या म्हटलं, तेव्हा सूर बदलला. म्हणतो घेऊन या, आमचा कारागीर आधी पिन बघेल, नाही जमलं तर आम्ही कारखान्याला पाठवू. सोमवारी निघतोय.

तांबडा_पांढरा
कारागीर बघतो म्हणाला तर कंपनीकडून तसा मेल मागवून घ्या, नाहीतर उद्या तीच "छेडछाड" तुमच्या माथी. बंदूक देताना पावतीवर क्रमांक, तारीख आणि तक्रार, तिन्ही लिहून घ्या. "दुरुस्तीसाठी" एवढंच लिहून देतात. "घोडा पडूनही बार उडत नाही" असं स्पष्ट लिहायला लावा.