मदत हवी आहे: पेट डोअर बसवलं, धाकटी शिकली, थोरला मात्र जवळही जात नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. बाळू नऊ वर्षांचा, २८ किलोचा. चिंगी दोन वर्षांची, जेमतेम ७ किलोची. मागच्या दाराबाहेर कुंपण घातलेलं अंगण आहे. हल्ली बाळूला रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली, त्यात काही निघालं नाही. वयाबरोबर सांधे थोडे धरलेत, एवढंच म्हणाले. उठून दार उघडायला मला काहीच वाटत नाही, पण तो भुंकत नाही, नुसता दाराशी उभा राहतो. एका रात्री मला जाग आली नाही आणि त्याला तिथेच झाली. सकाळी पाहिलं तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला ते बघवलं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

कुत्र्यांना स्वतः ये-जा करता यावी म्हणून मागच्या दारात झडपेचं छोटं दार (पेट डोअर) सुताराकडून बसवून घेतलं. झडप मऊ प्लास्टिकची, धूसर, खालच्या कडेला चुंबकाची पट्टी आहे. रुंदी बाळूच्या छातीपेक्षा ५ सेंमी जास्त, वरची कड त्याच्या खांद्याच्या थोडी वर. खालची कड जमिनीपासून १८ सेंमीवर आहे, कारण त्याखाली दाराची आडवी पट्टी येते.

चिंगी दुसऱ्या दिवशी शिकली. बाळूच्या बाबतीत माझी चूक झाली. तिसऱ्या दिवशी मी त्याला मागून हलकंच ढकललं, तो अर्धा बाहेर गेला, दचकून मागे आला आणि झडप त्याच्या कमरेवर आपटली. त्यानंतर चुंबकाचा टक् आवाज झाला तरी उठून दुसऱ्या खोलीत जातो. झडप वर बांधून ठेवली तर खाऊसाठी बाहेरून आत येतो, पण आतून बाहेर जात नाही. आज नऊ दिवस झाले. कुणाच्या थोरल्या कुत्र्याने असं केलंय का? काय करू?

प्रतिसाद

आधी झडप काढूनच टाका. बांधलेली झडप डोक्यावर लोंबते आणि एकदा मार खाल्लेलं कुत्रं तिच्याकडेच बघत राहतं. स्क्रू काढून नुसती चौकट ठेवा, आठवडाभर तरी. रात्री हवा येईल, त्याला बाहेरून फळी टेका.

मग झडपेच्या जागी जुन्या टॉवेलची पट्टी लावा, वरून चार बोटं लोंबेल एवढीच. त्याला काही वाटेनासं झालं की थोडी लांब करा. टॉवेल आवाज करत नाही, पाठीला लागला तरी दुखत नाही. पूर्ण लांबीचा टॉवेल ढकलून जायला लागला की मग खरी झडप, आणि सुरुवातीला चुंबकावर जाड चिकटपट्टी लावा. पकड ढिली होते, आवाज जवळजवळ जातो. झडप हाताने धरून सावकाश त्याच्यामागे सोडायची, शेपटी पूर्ण पलीकडे जाईपर्यंत.

दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटं, बास. जमल्यावर ‘आणखी एकदा’ करू नका. आणि ढकलणं कायमचं बंद. तो स्वतःहून नाक पुढे करेल तेवढ्याचंच कौतुक करा.

प्रतिसाद

वरचा सल्ला बरोबर आहे, पण मला तुमचं एक वाक्य खटकलं. आत येतो, बाहेर जात नाही. भीती नुसती झडपेची असती तर दोन्हीकडून अडला असता. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीने आहे, की पायरी आहे?

धागाकर्ती

पायरी आहे. मोजून सांगते… १६ सेंमी.

प्रतिसाद

मग हिशेब करा. आतून तो १८ सेंमीच्या कडेवरून पाय टाकतो आणि बाहेर ३४ सेंमी खाली उतरतो. धरलेल्या सांध्यांचं कुत्रं चढताना मागच्या पायांनी रेटतं, उतरताना मात्र सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. त्यातून धूसर झडपेपलीकडे जमीन दिसत नाही, रात्री तर नाहीच. चिंगी तरुण आहे, उडी मारते. माझ्या म्हाताऱ्या कुत्रीने जिना उतरणं असंच सोडलं होतं आणि आम्ही कित्येक दिवस तिला हट्टी समजत होतो. त्याची खंत अजून आहे.

बाहेर पायरीवर लाकडी चौथरा करा, आतल्या फरशीपेक्षा थोडा उंचच चालेल. त्याच्या लांबीपेक्षा मोठा हवा, म्हणजे चारही पाय टेकून मग पुढे उतरेल. तिथून अंगणात उतरायला उतरती फळी, वर खरखरीत पायपुसणं ठोकून. चौथरा हलता कामा नये. एकदा डुगडुगला की परत पहिल्यापासून सुरू. आतल्या बाजूलाही ८-९ सेंमीची एक पायरी द्या. बाहेर मंद दिवा लावा. आणि पुढचा कोणता पाय दुखतो का, हे डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा.

प्रतिसाद

सुतारकामाचं दोन शब्द. दार भरीव आहे की आतून पोकळ? पोकळ फ्लश डोअर असेल तर कापलेल्या जागी चारी बाजूंनी आत लाकडी पट्ट्या भरल्या आहेत ना, बघून घ्या. नसतील तर स्क्रू आवळताना दाराच्या दोन्ही बाजूंचे पातळ प्लाय आत दबतात आणि चौकट हलायला लागते. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश द्या, बाहेरून सिलिकॉन भरा. नाहीतर पहिल्याच पावसात कड फुगेल.

सुरक्षेचंही बघा. २८ किलोच्या कुत्र्याच्या मापाच्या भोकातून माणसाचा हात सहज आत येतो. आतली कडी त्या हाताला पोचेल अशा जागी नको. घरी कुणी नसेल तेव्हा बंद करायची सरकती फळी मिळते, ती वापरा. प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली चिप वाचून उघडणारी दारं बहुतेक मांजरं आणि लहान कुत्र्यांच्या मापाची असतात. मोठ्या कुत्र्यासाठी गळ्यातल्या पट्ट्याला अडकवायच्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यावर उघडणारं दार बघावं लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

चौथरा केला, ७५ बाय ११० सेंमी, आत एक पायरी दिली, झडप काढली. पहिल्या संध्याकाळी बाळू चौकटीत उभा राहून बराच वेळ चौथऱ्याकडे बघत होता. मी लांब, अंगणात बसले होते, हाकही मारली नाही. चिंगी दोनदा आत-बाहेर करून गेली. मग त्याने एक पाय टाकला, थांबला, दुसरा टाकला आणि बाहेर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी परत तपासलं. पुढच्या डाव्या कोपराला दुखणं आहे, औषध सुरू केलंय. म्हणजे तो मला सांगतच होता.

टॉवेलला सहा दिवस लागले. आता झडप बसवली आहे, चुंबकावर चिकटपट्टी आहे. दिवसा स्वतः जातो. परवा रात्री पहिल्यांदा मला न उठवता गेला. चौथऱ्यावर नखांचा आवाज आला म्हणून कळलं.

दार पोकळ निघालं. सुतार रविवारी पट्ट्या भरायला येतोय, तेव्हा अर्धा दिवस दार काढावं लागेल. एकच विचारायचं राहिलं: चुंबकावरची चिकटपट्टी एकदम काढू, की थोडी थोडी कापत जाऊ? वाऱ्याने झडप हलते आणि मग तो थबकतो.

प्रतिसाद

थोडी थोडी. दर तीन-चार दिवसांनी कडेकडून दोन बोटं. आणि रविवारी दार परत बसलं की पहिल्या वेळी झडप तुमच्या हातात धरा, त्याच्यासाठी ते नवीनच दार असेल.