फुटबॉलपटूंचे पगार आणि उसाचा दर: मर्यादा नेमकी कुणावर घालायची?

खानापूरकर
काल आपल्यात एकानं लिहिलं, "फुटबॉलवाला आठवड्याला जेवढं उचलतो तेवढं आमच्या ऊसकऱ्याच्या सात पिढ्यांना दिसत नाही. असल्या पगारावर कायद्यानं मर्यादा घाला." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे पटलेलं नाही, आणि एका ओळीत उत्तर देऊन भागणारही नाही.

मर्यादा घालून झालेली आहे. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड मिळत, उन्हाळ्याच्या सुट्टीत 17. मैदानं तेव्हाही खच्चून भरत होती. तिकिटाचा पैसा मालकाकडं जायचा आणि खेळाडू 20 पौंडावर घर चालवायचा. जिमी हिलच्या खेळाडू-संघटनेनं संपाची तयारी केली, जानेवारी 1961 मध्ये मर्यादा गेली आणि फुलहॅम क्लबनं आपल्या जॉनी हेन्स या खेळाडूला आठवड्याला 100 पौंड दिले. ते 100 पौंड काय आभाळातून पडले नाहीत. गल्ल्यात होतेच, फक्त खिसा बदलला.

पुढं 1995 चा युरोपीय न्यायालयाचा बॉसमन निकाल. त्याआधी करार संपला तरी जुना क्लब पैसे मागायचा, नाहीतर सोडायचा नाही. निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात मोकळा झाला आणि क्लबला वाचलेली रक्कम पगारात मागू लागला. टीव्हीचं बघा. 1992 ला इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागाचा, म्हणजे प्रीमियर लीगचा करार पाच वर्षांसाठी 304 दशलक्ष पौंडांचा होता. 2016 ते 2019 या तीनच वर्षांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या हक्कांचे 5.136 अब्ज. लोक पैसे मोजतात ते अकरा जणांना बघायला. त्यांना नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?

ऊसकरी निपाणी
ती पोस्ट माझीच. काय सांगायलायसा हो? पौंडाचा इतिहास कुणी विचारला? मी दरी दाखवली होती.

नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस शेतकरी रस्त्यात बसले ते टनाला 3,500 रुपयांसाठी, आणि तुटलं 3,300 वर. दोनशे रुपयांसाठी माणूस रात्र रस्त्यावर काढतो आणि तुम्ही 100 पौंडाचं कौतुक सांगता?

शहापूरचा हिशेबनीस
खानापूरकर, इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष चूक. पगार जास्त आहेत की नाहीत हे उत्पन्नाशी ताडून बघायचं. प्रीमियर लीगमध्ये उत्पन्नातला साठ-पासष्ट टक्के पैसा पगारात जातो, ते चालतं. खालच्या चॅम्पियनशिपमध्ये अनेक हंगाम पगार उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांवर गेलेत. शंभर रुपये येतात आणि पगारच एकशेदहा. वर चढलो की टीव्हीचा पैसा मिळेल म्हणून लावलेला हा जुगार आहे. दरवर्षी चढतात तीन, खेळतात चोवीस. उरलेल्यांचा तोटा मालक भरतो. त्यानं हात काढला की डर्बी क्लबासारखं होतं. 2021-22 मध्ये 21 गुण कापले आणि क्लब खाली गेला. बरी नावाचा क्लब त्याहून खालच्या विभागातला, त्याला तर ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधूनच काढलं. मैदानाची देखभाल करणारा, तिकीट फाडणारा, सगळे घरी.

म्हणून युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघानं, खर्चाला वेसण घातली. खेळाडू आणि प्रशिक्षकांचा पगार, ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडू घेताना जुन्या क्लबला दिलेल्या, रकमेचा त्या वर्षीचा हप्ता आणि एजंटची फी, हे सगळं मिळून उत्पन्नाच्या 2023-24 ला 90, पुढच्या वर्षी 80 आणि 2025-26 पासून 70 टक्क्यांच्या आत. मर्यादा हवीच.

खानापूरकर
हिशेबनीस, त्या यादीतला मधला, ट्रान्सफरच्या हप्त्याचा आकडा उलगडून दाखवा की. 100 दशलक्ष पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला 20 दशलक्ष हप्ता पडतो. त्याला आठवड्याला दीड लाख दिले तर वर्षाचे 7.8 दशलक्ष. म्हणजे पुस्तकात बसणाऱ्या 27.8 पैकी खेळाडूच्या हातात 7.8, तेही कराआधी. ब्रिटनमध्ये 1,25,140 पौंडांवरच्या कमाईला 45 टक्के आयकर आणि वर 2 टक्के विमा. उरलेले 20 क्लबकडून क्लबकडं जातात. नेमारचे 222 दशलक्ष युरो 2017 मध्ये बार्सिलोनाला मिळाले, पण लोकांच्या तोंडी तो त्याचा पगार झाला. हप्ता लहान दिसावा म्हणून क्लब आठ-आठ वर्षांचे करार करायला लागले, तेव्हा युएफानं तो पाच वर्षांतच वाटायचा नियम केला. ही चलाखी क्लबांची. बदनाम खेळाडू.

ऊसकरी निपाणी
सत्तर टक्के म्हणालात ना? मग ऐका.

रंगराजन समितीनं 2012 मध्ये सांगितलं की साखर, मळी, बगॅस (चिपाड), प्रेसमड (गाळ) यांच्या एकूण किमतीच्या 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या कारखाना दराच्या 75 टक्के ऊसवाल्याला द्या. कर्नाटकानं 2013 मध्ये कायदाही केला. तिकडं 70 टक्के म्हणजे वरची मर्यादा, ओलांडली की क्लबला दंड. आमचे 70 टक्के म्हणजे खालची मर्यादा, आणि तीही मिळवायला रस्त्यावर बसावं लागतं!

एफआरपीचं, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचं, गणित मांडतो. 2025-26 ला क्विंटलला 355 रुपये, 10.25 टक्के उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. पुढं प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढ. म्हणजे 11.25 उताऱ्याला 389.60, टनाला 3,896. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आता पाया बघा. पूर्वी 9.5 उताऱ्यावर दर होता, 2018-19 ला पाया 10 केला, 2022-23 ला 10.25. दर वाढला म्हणून बातमी येते आणि पाया वर सरकवला ते कुणी बोलत नाही. जुन्या 9.5 च्या पायावर 2025-26 चे 355 धरले तर त्याच उसाला साडेसात टप्पे जास्त, क्विंटलला जवळजवळ 26 रुपये, टनाला 260. रस्त्यावर ज्या दोनशेसाठी बसलो ते इथं गेले.

आणि उतारा ठरवतो कोण? कारखान्याची लॅब. वजन कुणाच्या काट्यावर? कारखान्याच्या. तुमच्या फुटबॉलवाल्याचे गोल मालक मोजतो काय?

शहापूरचा हिशेबनीस
विषय फुटबॉलचा आहे. काटामारीवर वेगळं बोलू.

ऊसकरी निपाणी
विषय मी काढला होता. दरी हाच विषय आहे. तुम्हाला उसाचं ऐकायचं नसेल तर तसं सांगा, विषयाचं कारण पुढं करू नका.

टिळकवाडी लेफ्टबॅक
काका, रागावू नका, तुम्ही दोघं मिळून एकाच टोकाला बघताय. वरचे दोन-चारशे खेळाडू सोडा. फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेनं 2016 मध्ये 54 देशांतल्या जवळजवळ चौदा हजार खेळाडूंना विचारलं होतं. 45 टक्क्यांहून जास्त जणांना महिन्याला 1,000 डॉलरही मिळत नव्हते आणि 41 टक्क्यांचे पगार थकलेले. आपल्याकडं जुलै 2025 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, अडकली, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा 2010 चा 15 वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार रोखले. करार हातात, पण मॅच नाही.

काका, तुमच्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. फुटबॉलमध्ये दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडूनं क्लबला लेखी नोटीस द्यायची, 15 दिवस थांबायचं, मग करार तोडता येतो. पोरं चुकतात कुठं? फोनवर मागतात. नोटीस लेखी नसेल आणि पोचपावती नसेल तर करार तोडल्याचा दोष उलट खेळाडूवर येतो. "पगार जास्त" म्हणणाऱ्यांनी एकदा या पोरांकडं बघावं.

ऊसकरी निपाणी
हे मला माहीत नव्हतं. थकलेल्याचं दुःख आम्हाला कुणी शिकवायला नको. पण वरच्या चारशेंचं माझं म्हणणं तसंच आहे.

टिळकवाडी लेफ्टबॅक
असू दे की. पण वरच्यांचा पैसा खाली यायची एक वाट आहे आणि ती आपणच बंद करून ठेवलीय. एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम देऊन ट्रान्सफर झाली की त्यातले 5 टक्के खेळाडूला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांचे. 12 ते 15 ला दर वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 ला 0.5. पोरगा 12 ते 18 एकाच क्लबात असेल तर 1 अधिक 1.5, म्हणजे अडीच टक्के. एक कोटीच्या ट्रान्सफरला अडीच लाख! बॉल, जाळी, कोच, सगळं वर्ष निघेल.

पण आपल्याकडं पोरं शाळेकडून आणि गल्लीच्या संघाकडून खेळतात. संघ राज्य संघटनेला जोडलेला नसतो. जोडलेला असला तरी स्पर्धेच्या तोंडावर वीस नावं भरायची आणि विसरून जायचं. दर हंगामाला पोराची नोंद महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत जन्मदाखल्यासकट, सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसकट हवी. वय चोरलं असेल तर सगळी साखळी तुटते. खेळाडूच्या पासपोर्टात, म्हणजे तो कधी कुठल्या क्लबात होता त्या नोंदीत, तुमचा क्लब दिसला नाही तर एक पैसा येत नाही. फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचं, क्लिअरिंग हाउस (पैसे वाटणारी संस्था) 2022 पासून वाटप त्याच नोंदीवरून करतं. आणि देशातल्या देशात, बेंगळुरूहून गोव्याला वगैरे गेला, तर हा 5 टक्क्यांचा फिफा नियम आपल्या क्लबला लागू होत नाही. त्यासाठी आपल्या महासंघाकडं भांडायला हवं.

शहापूरचा हिशेबनीस
नोंदणीचं शंभर टक्के मान्य. पण यानं पगाराचा प्रश्न सुटत नाही. इंग्लंडच्या खालच्या दोन विभागांनी ऑगस्ट 2020 मध्ये 25 लाख आणि 15 लाख पौंडांची मर्यादा घातली होती. खेळाडूंच्या संघटनेनं लवादात नेली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ती रद्द झाली. बुडालेल्या क्लबातल्या तिकीट फाडणाऱ्याची बाजू त्या लवादात कुणी मांडली?

खानापूरकर
ती रद्द झाली कारण मर्यादा घालताना संघटनेला विचारलंच नव्हतं. ज्याचा पगार कापायचा त्यालाच बाहेर ठेवून कापायचा, हे 1961 च्या आधीचंच झालं. उत्पन्नाला बांधलेली टक्केवारी मी मानतो. ठरावीक आकड्याची मर्यादा नाही मानणार. आकडा गोठला की टीव्हीचा वाढलेला पैसा परत मालकाकडं.

ऊसकरी निपाणी
टक्केवारी मानता ना? मग उसालाही माना. मळी, इथेनॉल, सहवीज सगळं धरून 70, आणि काटा बाहेरच्या माणसाचा. एवढं तुमच्या तोंडून आलं तर कालची पोस्ट मी दुरुस्त करतो.

खानापूरकर
मानलं. प्रेसमडसुद्धा धरा.

ऊसकरी निपाणी
दुरुस्त करतो. "कायद्यानं मर्यादा घाला" एवढं वाक्य काढतो. सात पिढ्यांचं काढणार नाही, ते खरं आहे.