सल्ला हवा: पाटणचा बांबू कोळसा करून बाहेर पाठवायचा आहे

कोयनाकाठ: पाटण तालुक्यात स्वतःच्या रानात मेस आणि माणगा या जातींचा बांबू आहे. नुसता बांबू विकण्यापेक्षा कोळसा करून निर्यात परवडेल का? माण-आटपाडीकडचा वेड्या बाभळीचा लोणारी कोळसा मिसळून कंटेनर भरला तर? भट्टी कोणती?

बंदरवाट: मिसळू नका, दादा. लाकडी कोळशाच्या निर्यातीला बंदी आहे. बांबूचा कोळसा मे २०२२ मध्ये खुला झाला, तोही बांबू कायदेशीर मार्गाने आल्याची कागदपत्रं असतील तर. सातबारावर बांबूची नोंद आधी करून घ्या, कस्टमच्या कागदांवर मालाचा एचएस कोड ४४०२१० लावा. बाभळीचा माल तंदूरवाल्यांना इथंच द्या.

धूरपाहणी: भट्टीचं सांगतो. १० टन कोळशाला साधारण ४० टन वाळलेला बांबू लागतो. म्हणजे २०० लिटरचा ड्रम नमुन्यापुरता, धंद्याला विटांनी बांधलेली भट्टीच. बांबू चिरूनच भरा. पेरांत कोंडलेली हवा तापली की नळी फुटते आणि चुरा वाढतो. ओला भरला तर निम्मं जळण स्वतःला वाळवण्यातच जातं.

ड्रमला तळाशी भोकं, पेटवायचा वरून. पांढरा दाट धूर म्हणजे वाफ, मग पिवळसर, शेवटी पातळ निळा. निळा दिसला की भोकं मातीनं बुजवा, झाकणाची कड चिखलानं लिंपा. पिवळ्यावरच बंद केलात तर कोळसा शेगडीत धूर सोडणार. पाणी मारून विझवू नका. युरोपच्या ईएन १८६०-२ मानकात अखंड कोळशाला ओलावा आणि राख प्रत्येकी ८ टक्क्यांपर्यंत, स्थिर कार्बन (वायू आणि राख सोडून उरणारा, खरा जळणारा भाग) किमान ७५ टक्के लागतो. पाणी मारलेला माल ओलाव्यातच अडकतो. पाटणचा पावसाळा बघता ते चार महिने भट्टी बंदच धरा.

बंदरवाट: आता खरी अडचण. कोळसा हवेतला प्राणवायू ओढून आपोआप तापतो, त्यामुळे कंटेनरला आग लागते. पूर्वी चाचणीचा दाखला दिला की धोकादायक मालाच्या नियमांतून सूट मिळायची. १ जानेवारी २०२६ पासून ती गेली. यूएन १३६१ (धोकादायक मालाच्या यादीतला कोळशाचा क्रमांक), वर्ग ४.२ (आपोआप पेटणारा माल) म्हणून जाहीर करावंच लागतं. भट्टीतून काढलेला माल १४ दिवस हवेवर मुरवायचा, पोती भरताना तापमान ४० अंशांच्या आत, कंटेनरमध्ये छताखाली ३० सेंटीमीटर मोकळी जागा. तारखांची वही ठेवा. न्हावाशेव्याला जहाज ठरवण्याआधी कंपनी हा माल घेते का ते विचारा, सगळ्या घेत नाहीत.

कोयनाकाठ: आणि चुरा?

धूरपाहणी: चाळून, दळून ४-५ टक्के स्टार्चची खळ घालून कांड्या पाडा. खळ जास्त झाली तर धूर येतो, कमी पडली तर पोत्यातच भुगा. चुऱ्यात भट्टीची माती आली की राख वाढते, म्हणून फरशीवरच गोळा करा.