धुरात लेकीला शाळेत पाठवू का?

सॅन होजेहून (कॅलिफोर्निया): डोंगरातल्या वणव्यानं आकाश नारिंगी झालंय, एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १६०. लेक चार वर्षांची, दम्याचा पंप चालू. खिडक्या बंद केल्यात, पण सासूबाईंचा धूप चालूच! मास्क लावू का?

उत्तर: धूप आधी थांबवा. बाहेरचा धूर काय कमी आहे? फोडणीही बेतानं. एसीत मर्व्ह १३ (बारीक कण अडवणारा) फिल्टर घाला, आतलीच हवा फिरू द्या.

उत्तर: कापडी मास्क पीएम २.५ म्हणजे धुरातल्या अतिसूक्ष्म कणांपुढे कुचकामी. लहान मापाचा केएन९५ (बारीक कण गाळणारा मास्क) घ्या, गालाशी फट नको. दोन वर्षांखालच्यांना मास्क नाहीच. एक्यूआय १५०च्या वर असेल तर मैदानावर पाठवू नका. पंप जवळ ठेवा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या तर थेट इमर्जन्सी.

सॅन होजेहून: शाळा बुडवतेय. सासूबाई म्हणाल्या, ‘उदबत्ती तरी?’ फुलं वाहा म्हटलं.