पॉम्पेईचं रोजचं जगणं दाखवताना तिथली मेलेली माणसं मांडावीत का?

सांजवेळ:
२०१३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या इटलीतल्या, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं प्रदर्शन पाहिलं होतं. मांडणी रोमन घरासारखी: चौक, निजायची खोली, बाग, स्वयंपाकघर. हर्क्युलेनियमचा जळून कोळसा झालेला गोल पाव होता. त्यावर शिक्का: ‘केलेर, क्विंटस ग्रानियस वेरसचा गुलाम’. गुलामाचं नाव पावावर उरलंय! मी तिथून हलेचना.

आणि शेवटी ‘सोन्याच्या कड्याच्या घरा’तली चार माणसं, दोन मोठी, दोन मुलं, प्लास्टरमध्ये मरताना गोठलेली. माझ्या मते हे नको होतं. बाहेर पडताना पाव आठवत नाही, फक्त मरण आठवतं. घर दाखवायला बोलावून शेवटी प्रेतं दाखवायची नसतात.

जुनी_नाणी:
अजिबात पटलं नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला म्हणून तर तो पाव टिकला. राखेत देह कुजून पोकळी उरायची, तिच्यात प्लास्टर ओतायची पद्धत इटालियन पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लींनी १८६३ मध्ये आणली. त्यामुळे ही माणसं आपल्याला दिसली. ती काढली तर बाकीचं सामान नुसतं सुंदर दिसेल, आणि ते मला जास्त खोटं वाटतं. त्याच प्रदर्शनात लाकडी पाळणाही होता ना? त्यात बाळाची हाडं सापडली होती. तो चालतो?

सांजवेळ:
चालतो, कारण हाडं मांडली नव्हती. तो पाळणा आपल्यासारखा टांगायचा नाही. खाली वाकड्या पट्ट्या आहेत, जमिनीवर ठेवून डोलवायचा. तेवढ्यावरून ते घर कळतं. बाळाचं काय झालं हे पाटीवर वाचलं, पुरेसं होतं.

कोकणकडा:
मी सांजवेळच्या बाजूने, पण कारण वेगळं. त्या घरातल्या कडं घातलेल्या माणसाच्या अंगावर मूल होतं, म्हणून इतकी वर्षं ‘आई आणि लेकरू’ सांगितलं गेलं. २०२४ मध्ये डीएनए तपासणी आली: तो पुरुष होता, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. पावावर नाव लिहिलेलं आहे. देहावर नाही, मग आपण आपली गोष्ट त्याच्यावर लादतो.

जुनी_नाणी:
पण तो डीएनए आला कुठून? प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांतूनच! देह जपले म्हणून चूक कळली. पाटी बदला, माणसं नका हटवू.

सांजवेळ:
जपा ना, अभ्यासकांसाठी जपा. माझा प्रश्न मांडण्याचा आहे. केलेरचा पाव पाहताना मी त्याचे हात मनात आणले. ते मरणाऱ्या मुलासमोर जमत नाही, तिथे फक्त बघितलं जातं.

भोकरदनकर:
आमच्या गावामुळे बोलतो. १९३८ मध्ये पॉम्पेईत हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर आहे, आणि तशाच घडणीची मूर्ती आमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली. आपल्याकडची वस्तू तिथल्या एका घरात होती! ती घेणारं माणूस कोण हे मला बघावंसं वाटतं, म्हणून माझं मत जुनी_नाणी यांच्याकडे.

सांजवेळ:
मग निदान वेगळी खोली करा, दाराशी स्पष्ट पाटी लावा. सोबत लहान मूल असलेल्या बाईला आत जायचं की नाही, हे तिला ठरवता आलं पाहिजे.

जुनी_नाणी:
वेगळी खोली मान्य. पण ती वाटेतच हवी, शेवटच्या कोपऱ्यात लपवलेली नको.